वीस हजार एकशे एकसष्टावी

४ मार्च

दादा,

'प्रिय' लिहीत नाही. तुला सवय नाही आणि मला जमत नाही. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. पत्र तोंड मिटून वाचावं लागतं.

काल वहिनीशी बोलले. तिच्यावर डाफरू नकोस, तिला वाटलं मला माहीत असेल. ती आपली उत्साहाने सांगत होती, की वीस एप्रिलला नव्या चौकातल्या भिंतीवरचं कापड काढणार, सगळं गाव येणार, तूही ये. मी सहज विचारलं, "आईची कुठे लागलीय? वर की खाली?"

वहिनी म्हणाली, "अगं, आईंची नाही लागली. एक जास्त होत होती."

एक जास्त होत होती!

जुन्या गावाखालची खाण बसायला लागली, घरांच्या भिंतींत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि सगळ्यांना निघावं लागलं, त्या दिवशी तू काय केलंस ते तुलाच सांगते, कारण तू विसरलेला दिसतोस. आपल्या कारखान्याच्या दारात दोन बोटं रुंदीच्या ओल्या टाइल्स मांडल्यास आणि गावातल्या प्रत्येकाला एकेकीवर अंगठा उमटवायला लावलास. तान्ह्या पोरांनासुद्धा. ओरडून ओरडून तुझा घसा बसला होता: "दाबा, दाबा, माती चावत नाही!" नव्या गावात या सगळ्यांची एक भिंत करू, एका माणसाची एक टाइल, हे तूच म्हणालास आणि लोक रडले. मला तेव्हा तुझा अभिमानही वाटला होता. अर्धा तास.

आईच्या अंगठ्यावर आडवा वळ होता, माती कापायच्या तारेचा. तो टाइलवर लख्ख उमटला. ती म्हणाली, "बरं झालं. मी गेले तरी तुमच्याकडे बोट दाखवायला जागा राहिली." नव्या घरात ती एक हिवाळासुद्धा राहिली नाही.

आणि वीस हजार एकशे एकसष्ट माणसांतून तुला जास्तीची सापडली ती आपली आई.

वीस एप्रिलच्या आत तिची टाइल भिंतीत लागली पाहिजे. एवढंच सांगायला हा कागद.

पत्ता मागे आहे. सफरचंदांचं कोल्ड स्टोरेज आहे, आम्ही मुली वरच्या मजल्यावर झोपतो. सफरचंदं खाली झोपतात, आमच्यापेक्षा जास्त. इथे आत शिरलं की नाकातला केससुद्धा ताठ होतो. ते जाऊ दे.

धाकटी

१५ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. अर्धं पान, त्यातलं निम्मं तिकडच्या हवेबद्दल. बाकीच्या निम्म्यात लिहितोस, "आकडा हट्टी निघाला. मी काय करणार?"

वा! बाबांचा शब्द बाबांच्याच बायकोवर चालवलास.

माझ्या शेजारच्या कॉटवर एक मुलगी आहे. गणिताच्या परीक्षेला दोनदा बसली, तिसऱ्यांदा बसणार आहे, तोवर माझ्यासारखीच सफरचंदं निवडते. झोपेतही काहीतरी मोजत असते म्हणून सगळ्या तिला पाढेबाई म्हणतात. तिला मी समजावून सांगितलं, की आमच्या घरी आकड्यांना स्वभाव असायचे. बाबा अंगणात टाइल्स मांडून दाखवायचे. बारा टाइल्स तीन-चार, दोन-सहा, कशाही बसतात, म्हणून बारा मनमिळाऊ. तेरा टाइल्स एका लांबलचक रांगेतच बसतात, दुसरा कुठलाही चौकोन करत नाहीत, म्हणून तेरा हट्टी. मग दुसरी परीक्षा. एखाद्या आकड्याला ज्या ज्या लहान आकड्यांनी भाग जातो ते गोळा करायचे आणि मिळवायचे. बाराचे एक, दोन, तीन, चार, सहा, झाले सोळा. बारापेक्षा जास्त, म्हणजे उतू गेला. आठचे एक, दोन, चार, झाले सात. भुकेला राहिला. सहाचे एक, दोन, तीन, बरोब्बर सहा. नेमका!

पाढेबाई म्हणाली, "पुस्तकात यांना विपुल, न्यून आणि परिपूर्ण म्हणतात. हट्टी म्हणजे मूळ संख्या. तुझे वडील मास्तर होते का गं?"

"नाही. फरशीवाले."

"मग बरोबर. त्यांना कुणी नापास केलं नसणार."

मला हसू आलं, पण तुझ्यावरचा राग तसाच आहे. बाबा तुला नेमका म्हणायचे आणि मला हट्टी. तू तेव्हापासून फुगलायस.

तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवला नाही, हे सांगायला नकोच. खोक्यांच्या पुठ्ठ्यावर स्वतः भागत बसले. वीस हजार एकशे एकसष्टला एकशे बेचाळीसच्या पुढच्या कशानेही भागून बघायची गरज नाही, कारण एकशे बेचाळीसचा वर्गच त्याच्या पुढे जातो. एवढं मला अजून आठवतं. सातने गेला! मी अशी उडी मारली, की सुपरवायझर म्हणाला, "काय झालं, उंदीर?" पाढेबाईने पुठ्ठा उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "खाली एक राहिला की."

मग नीट बघितलं. दोनने भाग, एक उरतो. तीनने भाग, एक उरतो. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, कशानेही भाग, दर वेळी एकच उरतो. जसं कुणी दाराशी उभं राहून आत घ्या म्हणतंय आणि तुम्ही जेवायला बसलायत.

पुढेही कशानेच गेला नाही. बरं, आकडा हट्टी आहे. मानलं. एकशे चाळीस रांगा, रांगेत एकशे चव्वेचाळीस, अशी तू भिंत केलीस, वीस हजार एकशे साठची. एक उरली. तेही मानलं. पण तू लिहितोस, "लोकांच्या दारात जाऊन, तुमच्यातलं कोण काढू, असं विचारू? काढायची तर आपल्याच घरातली." हे वाक्य तू आरशासमोर म्हणून बघितलं असणार. छान आहे. आपल्या घराच्या चार टाइल्स होत्या. त्यातली तीच का, ते मात्र लिहायचं टाळलंस.

आणि एकशे बेचाळीसचा वर्ग वीस हजार एकशे चौसष्ट होतो, हे तुला दिसलं नाही? आपल्याकडे तीनच कमी. तीन कोऱ्या टाइल्स लाव, भिंत चौरस होते, कुणीही बाहेर राहत नाही. मातीच्या तीन गोळ्यांचं काम. तेवढं तुझ्याकडे असेल.

धाकटी

२७ मार्च

दादा,

पत्ता बदलला आहे, तो मागे वाच. सुपरवायझरला मी उंदीर म्हटलं. आता एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात आहे. चादरींना इस्त्री करायचं यंत्र आहे, दोन रूळ, मध्ये चादर सारायची. बोटं सांभाळायची. तुझ्यावर रागावलेली असताना हे काम करू नये.

तुझं उत्तर कोल्ड स्टोरेजवरून पाढेबाईने पाठवलं. "कोरी टाइल लावली तर लोक विचारतील हा कोण. समितीचं ठरलंय, जितकी माणसं तितक्याच टाइल्स." म्हणजे कोरी टाइल लावली तर माणूस जास्त होतो, आणि आईची काढली तर कमी होत नाही! असा हिशेब तूच करू जाणे.

पाढेबाईने त्याच पाकिटात स्वतःचंही एक पत्र घातलं. तिला माझ्यापेक्षा त्या आकड्याची जास्त आठवण येते. ती लिहिते, की तुझा तो लाडका वीस हजार एकशे साठ म्हणजे गर्दीचा माणूस आहे. त्याला चौऱ्याऐंशी विभाजक आहेत, त्याच्याहून लहान कुठल्याही आकड्याला इतके नाहीत. स्वतःला सोडून बाकीचे मिळवले तर बेरीज त्याच्या जवळजवळ तिप्पट होते. असा उतू जातो, की शेगडी विझावी. आणि त्याच्या अगदी शेजारी, एकानेच मोठा, आपला हट्टी. त्याच्या पदरात लहान आकडा एकच, तो म्हणजे एक. भुकेल्यांतला भुकेला. दोघांच्या मध्ये भिंतसुद्धा नाही आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मला हे वाचून तू आणि मी आठवलो, तर नवल नाही.

पुढे आणखी गंमत आहे. आपल्या आकड्याच्या पुढचा कुठलाही आकडा घे, तो दोन उतू जाणाऱ्यांची बेरीज करून मिळतोच. आपला आकडा हा शेवटचा, ज्याला तसं जमत नाही. एकी एकी मिळवून सम येतो, बेकी बेकी मिळवूनही सम येतो, आणि आपला आकडा विषम, तेव्हा आपल्याला एक सम आणि एक विषम उतू जाणारा हवा. आणि विषमांत उतू जाणारे फार थोडे. पहिलाच नऊशे पंचेचाळीस. पाढेबाईने ते सगळे वजा करून बघितले म्हणे, खाली नेहमी कुणीतरी भुकेलाच राहतो. बघ, दोन उतू गेलेली माणसं एकत्र करून हा आकडा होत नाही. तू आणि मी मिळून काही होणार नाही, हे आता गणिताने सांगितलं. मी आधीच सांगत होते.

पण पत्र मी यासाठी लिहीत नाहीये. खरी गोष्ट शेवटी आहे, आणि तू खुर्चीत बसून वाच.

चारने भागल्यावर ज्या हट्ट्याचा एक उरतो, तो हट्टी दोन चौरसांत फुटतो. नेहमी फुटतो आणि एकाच रीतीने फुटतो. पाढेबाईने फोडून दाखवला. एकशे पस्तीस गुणिले एकशे पस्तीस, अठरा हजार दोनशे पंचवीस. चव्वेचाळीस गुणिले चव्वेचाळीस, एक हजार नऊशे छत्तीस. मिळव. मी तीनदा मिळवले.

एक मोठी चौरस भिंत आणि तिच्या शेजारी एक लहान चौरस भिंत. सगळे आत. कोरी एकही नाही, जास्तीची एकही नाही. आकडा हट्टी होता हे खरं, पण त्याच्याशी नीट बोललं असतं तर तो ऐकत होता.

सांधे भरून झाले असतील तर फोड. भिंत तुझ्या हातची आहे, तुला फोडता येते. अजून वेळ आहे.

धाकटी

८ एप्रिल

दादा,

तुझ्या उत्तराची वाट बघत नव्हते. वहिनीला फोन लावला, म्हटलं तूच त्याला समजाव, दोन चौरस असे असे होतात. ती म्हणाली, "अगं, हे तर ह्यांनी मांडलं होतं."

"काय मांडलं होतं?"

"शेडमध्ये. जमिनीवर. एक मोठा चौकोन आणि बाजूला एक लहान. मी चहा घेऊन गेले तेव्हा बघितला. इतका सुंदर दिसत होता! मी म्हटलं, हेच करा, हेच समितीला दाखवा. ह्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळं परत पेट्यांत. समितीने काही बघितलंच नाही."

मी फोन ठेवला. रूळात चादर तशीच राहिली, करपली. मुकादमबाई म्हणाली, "तुझ्या घरी कुणी गेलं का?" मी म्हटलं, "हो, पण जुनं आहे."

म्हणजे तुला माहीत होतं. पाढेबाईच्या आधी, माझ्या आधी. तू गुडघ्यांवर रांगत वीस हजार टाइल्स लावून बघितल्यास, सगळ्या बसल्या, एकही उरली नाही, आणि मग तू ते मोडलंस. लोक आकड्यात माणूस बसवायला धडपडतात. तू एक माणूस उरावा म्हणून आकडा शोधलास.

त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. दोन ओळी. या वेळी हवेबद्दल काही नाही.

"हो. ती मला हवी होती. तू तर नव्हतीस."

एवढं पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर मला इतके भागाकार करावे लागले नसते.

मी नव्हते. ठीक आहे. तू म्हणणार, हिचा नंबर दर महिन्याला बदलतो, हिला कुठे शोधू. मी म्हणणार, वहिनीला माझा नंबर नेहमी सापडतो. तू म्हणणार, आईच्या उशाशी मी होतो. मी म्हणणार, तू मला कळवलंस ते सगळं उरकून, भांडी घासून झाल्यावर. हे आपण किती वेळा म्हटलंय? मला आता दोघांचीही वाक्यं पाठ आहेत, तुला यायचीसुद्धा गरज नाही.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. आई भिंतीत पाहिजे, भिंतीत पाहिजे, असं मी इतके दिवस ओरडले, ते काही गावासाठी नव्हतं. उन्हात उभी असलेली भिंत, कुणीही येऊन कुणाचाही अंगठा बघणार, कुत्री टेकणार. मला तरी ती कुठे तिथे हवी होती? मला एवढंच हवं होतं, की ती तुझ्याकडे नको. तुझ्या टेबलावर तर मुळीच नको. वहिनीने सांगितलं मला, दिव्याखाली ठेवलीयस म्हणून.

मी वीस तारखेला येते आहे. तुझं भाषण ऐकायला नव्हे.

धाकटी

२१ एप्रिल

दादा,

हे बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे. तू आतापर्यंत टेबल बघितलं असशील. तरी नीट सांगते, म्हणजे तू वहिनीला विचारत बसणार नाहीस.

मी मागे उभी होते. कापड सरकलं तेव्हा लोक पुढे धावले आणि आपापले अंगठे शोधायला लागले. एका म्हातारीने नवऱ्याचा शोधला आणि त्याला म्हणाली, "किती दाबलंयस, जसा काही सही करतोयस." भिंत चांगली झाली आहे. ओळंबा लावलेली, कुठे रेघ हललेली नाही. हे मी तुझ्या तोंडावर म्हणणार नाही.

मग सगळे जेवायला हॉलमध्ये गेले आणि तुझा सत्कार सुरू झाला. मी नव्या कारखान्यावर गेले. शेडचं कुलूप वहिनीने काढलं होतं. तिला मी सांगितलं नव्हतं, तिनेच ओळखलं. टेबलावर बोटभर मातीची धूळ, कागदांवर, चष्म्याच्या डबीवर, सगळीकडे. आईच्या टाइलच्या खळग्यात मात्र धूळ नव्हती. तिथे माती गुळगुळीत झाली आहे. तू रोज तिथे अंगठा ठेवतोस, होय ना? क्षणभर वाटलं ठेवून द्यावी. मग वाटलं, मला असा कुठे ठेवायला मिळाला? घेतली.

तुझ्याच खणातली पातळ छिन्नी घेतली, तुझाच मसाला कालवला, पांढरी पेस्टही तुझीच. टाइल्स गल्लीवार लावल्यायस आणि आपली गल्ली शेवटची, म्हणून आपण सगळ्यात खाली. भिंतीपाशी मला पोटावर झोपावं लागलं. वहिनी भिंतीकडे पाठ करून उभी. कुणी आलं तर तिने खोकायचं ठरलं होतं. एकदा खोकली. मी छिन्नी पोटाखाली लपवली. ती म्हणाली, "नाही गं, खरंच खोकला आला."

मी तुझी काढायला आले होते. तसं वाटत नसेल तर हे पुन्हा वाच. आई माझ्या शेजारी आत आणि तू बाहेर, हेच बसमध्ये येताना सगळ्या रस्ताभर मनात होतं.

वहिनीची लगेच ओळखली, तिचा अंगठा चिंचोळा. तिच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. दोन्ही रुंद, दोन्ही मुळाशी वळलेले, दोन्ही बाबांचे. इतक्या वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं, की आपले अंगठे एकसारखे आहेत. कुठला तुझा? वहिनीला विचारलं. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मला नाही सांगता येत." नवऱ्याचा अंगठा तिला सांगता येईना. मी तर कोण!

हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. मी जी सैल वाटली ती काढली. डावीकडची. अख्खी निघाली, एकही कपचा गेला नाही. त्या जागी आईची बसवली, सांधे भरले, ओल्या फडक्याने पुसली. तिचा वळ आडवा दिसतो, वाकलं तरच. आता तिथे ती आहे, वहिनी आहे, आणि आपल्या दोघांतलं एक जण आहे.

काढलेली तुझ्या टेबलावर ठेवली, आईच्या जागी, दिव्याखाली. ठेवण्याआधी माझा अंगठा लावून बघितला. बसला नाही. पण भट्टीत माती आवळते, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. तूही लावून बघ. रेषा जुळल्या तर भिंतीबाहेर तू आहेस, नाही जुळल्या तर मी.

मला कळवू नकोस.

धाकटी